नॉर्मन कुकचं स्वतःचं असं नेमकं काय?

मंद्रसप्तक

'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप बँडचं, त्जिंदर सिंगने लिहिलेलं. ज्या आशाचं नाव त्यात येतं ती आपली आशा भोसले. १९९७ साली ते आलं तेव्हा खपाच्या ब्रिटिश यादीत कसंबसं साठाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं थेट पहिलं आलं. मधल्या काळात नॉर्मन कुक ऊर्फ फॅटबॉय स्लिम याने त्याचं रीमिक्स केलं होतं, आणि आज जगभर वाजतं ते बहुतेक वेळा हेच.

सध्या मी या माणसाचं काम सुरुवातीपासून ओळीने ऐकतोय. हाऊसमार्टिन्स या बँडमध्ये बेस गिटार, मग बीट्स इंटरनॅशनल, मग फ्रीक पॉवर, पिझ्झामॅन, मायटी डब कॅट्झ आणि १९९६ पासून फॅटबॉय स्लिम. तीन वेगवेगळ्या नावांनी पहिल्या क्रमांकाची गाणी, शिवाय ही कॉर्नरशॉपची पहिल्या क्रमांकाची पालखी खांद्यावर घेतलेली.

प्रश्न असा की जो माणूस आपल्या गाण्यांत गात नाही, बरीचशी वाद्यं दुसऱ्यांच्या तबकड्यांवरून उचलतो आणि नावही टिकू देत नाही, त्याच्या कामात त्याचं स्वतःचं काय, हे कसं ओळखायचं? मला ते ऐकू येतं, पण बोट ठेवता येत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'रीमिक्स म्हणजे चोरी' एवढंच लिहून पळू नये.

हडपसरकर

पळत नाही, इथेच बसलोय. चोरीच आहे. :)

टेपरेकॉर्डर

छान धागा. सुरुवातीच्या काळाबद्दल थोडी भर घालतो, कारण फॅटबॉय स्लिमच्या आधीचा कुक आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो.

जन्म १९६३, लंडनजवळच्या ब्रॉमलीचा. पाळण्यातलं नाव क्वेंटिन. वाढला सरे परगण्यातल्या रायगेटमध्ये, आणि तिथेच पॉल हीटन त्याचा दोस्त झाला. शिकायला ब्रायटनच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला आणि तिथल्या क्लबांमध्ये तबकड्या वाजवायला लागला. १९८५ मध्ये हीटनच्या हाऊसमार्टिन्सला बेसवाला हवा होता, म्हणून हा उत्तरेला हल शहरात गेला. म्हणजे मनाने डीजे आणि हातात गिटार. आवड फंक आणि हिपहॉपची, वाजवायचं मात्र गिटारवाल्या पोरांचं खळाळतं पॉप.

१९८६ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं 'कॅरव्हॅन ऑफ लव्ह' पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणंही मुळात दुसऱ्यांचं, इसली-जॅस्पर-इसलीचं. आणि वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर गायलेलं! बेसवाल्याला बेस वाजवायलाच नव्हता. नाताळाच्या आठवड्यात त्यांना कुणी खाली ढकललं, तर जॅकी विल्सनच्या 'रीट पेटीट'ने, म्हणजे १९५७ सालच्या रेकॉर्डिंगने. जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा उठून बसतात हे कुकने तेव्हाच अगदी जवळून पाहिलं असणार.

१९८८ मध्ये बँड मोडला. हीटनने ब्यूटिफुल साऊथ काढला, कुक ब्रायटनला परतला.

चिंटूची_आई

वाचतेय. टेपरेकॉर्डर, फ्रीक पॉवरबद्दलही लिहा ना. जीन्सच्या जाहिरातीतलं गाणं त्यांचंच ना?

टेपरेकॉर्डर

हो, त्यांचंच. 'टर्न ऑन, ट्यून इन, कॉप आऊट'. १९९३ मध्ये आलं तेव्हा फार चाललं नाही. लिव्हाइसने जाहिरातीत घेतल्यावर १९९५ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

वकिलीबाणा

हडपसरकर, 'चोरी' शब्द वापरलात म्हणून सांगतो. या माणसाच्या कारकिर्दीला वळण देण्यात कायद्याचा वाटा मोठा आहे.

१९९० मध्ये बीट्स इंटरनॅशनलचं 'डब बी गुड टू मी' चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला बेस क्लॅश या बँडच्या 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन'चा, म्हणजे पॉल सिमोननचा. शब्द आणि चाल एसओएस बँडच्या गाण्याची. नवीन आवाज लिंडी लेटनचा. क्लॅशकडून आधी रीतसर परवानगी घेतलेली नव्हती. गाणं गाजल्यावर हिशोब मागितला गेला आणि पहिल्या क्रमांकाच्या गाण्याने कुकला श्रीमंत करायच्या ऐवजी कर्जात घातलं.

त्यानंतरचा कुक बघा. १९९८ च्या 'रॉकफेलर स्कँक'मध्ये चार नमुने (दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांतून उचललेले तुकडे) आहेत आणि चारही हक्कधारकांना प्रत्येकी पंचवीस टक्के गेले. बेरीज करा. त्या गाण्याच्या रचनेच्या मानधनातलं त्याच्या हाती काही उरलं नाही. तरी त्याने ते गाणं काढलं. ज्याने शंभर टक्के मोबदला वाटून टाकला त्याला चोर कसं म्हणायचं?

अजून एक. रीमिक्सचा व्यवहार साधारणपणे एकरकमी असतो. रेकॉर्ड कंपनी काम देते, ठरलेले पैसे देते, आणि गाण्याच्या रचनेवर रीमिक्सवाल्याचा हक्क येत नाही. 'ब्रिमफुल ऑफ आशा'वर आजही रचनाकार म्हणून एकट्या त्जिंदर सिंगचंच नाव आहे. त्यामुळे कायद्याच्या भाषेत मूळ प्रश्नाचं उत्तर 'जवळजवळ काहीच नाही' असं आहे. मला ते अपुरं वाटतं, म्हणूनच हा धागा आवडला.

हडपसरकर

वकीलसाहेब, पैसे दिले हे मान्य, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

'प्रेज यू' घ्या. जानेवारी १९९९ मध्ये पहिल्या क्रमांकावर. गाण्याचा सगळा जीव सुरुवातीच्या त्या बाईच्या आवाजात आहे. तो आवाज कमील यारब्रो यांचा. कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री, अभिनेत्री, कार्यकर्त्या. १९७५ च्या त्यांच्या 'द आयर्न पॉट कुकर' या अल्बममधलं ते गाणं. रचनेत त्यांचं नाव आहे, हेही मान्य. पण दुकानात तबकडीवर मोठ्या अक्षरांत कुणाचं नाव? रस्त्यावर दहा जणांना विचारा 'प्रेज यू' कुणाचं, दहाही जण फॅटबॉय स्लिम म्हणतील.

मूळ गाणं ऐका एकदा. बाई थांबत नाहीत, त्यांना पुढे बरंच म्हणायचंय. कुकने त्यातली सुरुवातीची ओळ कापली आणि तीच फिरवत ठेवली. ऐकायला सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण एका बाईचं बोलणं मध्येच तोडून तिचं पहिलं वाक्यच परत परत वाजवायचं, हे मला खटकतं.

निषाद_कोमल

हडपसरकरांचा मुद्दा खरा आहे आणि तो असाच उडवून लावू नये.

पण मूळ प्रश्नाकडे आपल्या बाजूने एक वाट जाते. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर छापलेलं असतं : 'चाल –' आणि पुढे कुठल्या तरी आधीच्या पदाचे, लावणीचे नाहीतर बंदिशीचे शब्द. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मधल्या (१८८२) पदांच्या चाली अशाच ठिकठिकाणहून आलेल्या. 'मानापमान'ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याचा बाज आणला. त्याला कुणी चोरी म्हटलं नाही, कारण चाल कुठली ते वरच छापलेलं असायचं. आणि 'सौभद्र' किर्लोस्करांचंच राहिलं. कुठलं पद कुणाच्या तोंडी, नाटकात नेमकं कुठल्या क्षणी, हे ठरवणारा कान त्यांचा होता.

कुकचंही तसंच मानते मी. फरक एवढाच की त्याच्या तबकडीच्या डोक्यावर 'चाल –' छापलेलं नसतं, ते आत बारीक अक्षरांत असतं. हडपसरकरांची तक्रार मला या बारीक अक्षरांबद्दल वाटते, आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे.

हडपसरकर

निषादताई, बरोब्बर. हेच म्हणायचं होतं मला.

फेडरवर_बोट

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, म्हणून तांत्रिक बाजूने लिहितो. थोडं लांबेल.

कुकची ऐन बहरातली हत्यारं म्हणजे घरातला अटारी एसटी संगणक, अकाई एस-९५० सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र) आणि रोलँडचं ३०३ हे बेसचे सूर काढणारं यंत्र. हा अकाई १९८८ चा, बारा बिटांचा. पूर्ण वाढवली तरी स्मृती सव्वादोन मेगाबाइट. आजच्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. म्हणजे नमुना छोटाच घ्यायचा, आणि कुठून कुठपर्यंत कापायचा हे आधीच पक्कं ठरवायचं. हडपसरकर, यारब्रो यांची ओळ कापून फिरवण्यामागे सौंदर्यदृष्टी असेलच, पण या यंत्रांवर वाढलेल्या सगळ्यांचा हातच तसा वळलेला होता. लांब नमुना परवडत नसे.

दुसरी गोष्ट. अशा सॅम्पलरमध्ये नमुना जलद केला की सूर चढतो, सावकाश केला की उतरतो. दोन तबकड्यांवरचे तुकडे एका लयीत आणायचे तर त्यांची पट्टी बिघडते, पट्टी जुळवावी तर लय सुटते. 'ब्रिमफुल'च्या रीमिक्समध्ये त्याने मूळ गाण्याचा वेग वाढवला आणि पट्टीही बदलली. त्जिंदर सिंगचा मूळ आवाज आळसावलेला, दुपारी खाटेवर पडून गुणगुणल्यासारखा आहे. रीमिक्समध्ये तोच आवाज ताठ उभा राहिलेला वाटतो. शब्द तेच, गिटारही तीच. खाली ढोल मात्र कुकचे, आणि गाणं कुठे थांबवायचं, कुठे नुसत्या गिटारवर सोडायचं, कुठे पुन्हा उसळवायचं हे सगळं कुकचं.

याच अकाईत सूर न बदलता लांबी ताणायची एक सोय होती. ती फार ताणली की आवाज धातूसारखा किरकिरतो. बाकीचे लोक ही खोड लपवायचे. 'रॉकफेलर स्कँक'च्या मध्यावर कुक ते मुद्दाम इतकं ताणतो की गाणं थांबतंय की काय असं वाटतं, आणि मग सगळं एकदम परत सुरू होतं. नाचणाऱ्या गर्दीला नेमकं किती वेळ अधांतरी ठेवायचं याचा हा अंदाज स्टुडिओत बसून येत नाही. तो माणूस रात्र रात्र डीजेच्या टेबलामागे उभा राहिलेला आहे, आणि मंद्र, तुम्हाला ऐकू येतंय ते मला हेच वाटतं.

मंद्रसप्तक

फेडर, मनापासून आभार. आजच रात्री दोन्ही 'ब्रिमफुल' मागोमाग लावून ऐकतो. अधांतरी ठेवण्याचा मुद्दा तर डोक्यात घर करून बसलाय.

घाटावरचा

अवांतर : आशाताई आणि ब्रिटिश रीमिक्स म्हटल्यावर बॅली सागूचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? जन्म दिल्लीचा, वाढला बर्मिंगहॅममध्ये. १९९४ चा 'बॉलिवुड फ्लॅशबॅक' कुठल्या लग्नाच्या वरातीत नाही वाजला? त्यातलं 'चुरा लिया' म्हणजे पंचमदा-आशाताईंचंच १९७३ चं गाणं, रेगेच्या ठेक्यावर. त्यानंतर १९९६ मध्ये त्याचं 'दिल चीज' ब्रिटिश यादीत पहिल्या वीसात गेलं, हिंदी शब्दांसकट. कुकच्या आधी दोन वर्षं!

चिंटूची_आई

घाटावरचा +१. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका वर्षी तीन वेगवेगळ्या नाचांना 'चुरा लिया'च होतं, आणि तिन्ही गट एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते.

वकिलीबाणा

घाटावरचा, तुम्ही आणलेल्या उदाहरणात एक बारकावा आहे. सागूने 'चुरा लिया' नव्या आवाजात गाऊन घेतलं. २००२ मध्ये आपल्याकडे 'काँटा लगा'ची लाट आली तीही नव्या गळ्यांची. त्या वेळच्या आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(जे) आवृत्ती-ध्वनिमुद्रणाला वाट देत होतं : मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षं उलटली, सूचना दिली, ठरलेलं मानधन भरलं की तेच गाणं पुन्हा गाऊन विकता येई. २०१२ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं आणि ३१-सी आलं, त्यात मुदत पाच वर्षांची झाली. पण मूळ ध्वनिफीत जशीच्या तशी कापून वापरायला ना तेव्हा मुभा होती ना आता. म्हणून आपल्याकडे 'रीमिक्स' म्हणजे बहुतेक वेळा नवा गळा आणि जुनी चाल. कुक करतो ते बरोबर उलटं : जुना गळा तसाच ठेवून त्याच्याभोवती नवं घर.

लेस्टरवाली

१९९८ मध्ये मी इकडे नवीन होते, त्यामुळे या गाण्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

कॉर्नरशॉप हे नावच बघा. कोपऱ्यावरचं दुकान चालवणारा तो 'एशियन', अशी इथे आपल्या लोकांची जी ठरलेली ओळख होती तीच त्यांनी उचलून बँडच्या पाटीवर लावली. १९९२ मध्ये यांनी रेकॉर्ड कंपनीच्या दारात इंग्लिश गायक मॉरिसीचं पोस्टर जाळलं होतं. ज्या अल्बममध्ये 'ब्रिमफुल' आहे त्यातच बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत गायलंय. बीटल्सनी सतार घेतली होती, यांनी गाणं घेतलं. तेव्हा हा बँड स्वतःच जुनं उचलून नवं करणारा होता. कुक त्यांच्या दारात परका म्हणून आला नाही.

आता माझं. ऑफिसात आमच्या टेबलाजवळ दिवसभर रेडिओ लागलेला असायचा. त्या फेब्रुवारीत दर तासाला आशाबाईंचं नाव, मागोमाग लतादीदी आणि रफीसाहेबांचं, आणि टेबलावर बोटांनी ताल धरणारे गोरे सहकारी. त्यांतल्या एकीने मला विचारलं, ही आशा कोण? मी सांगायला लागले ते जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. सांगली, मंगेशकर घराणं, मास्टर दीनानाथ, ओ.पी., पंचम, 'जिवलगा'. दुसऱ्या दिवशी मी कॅसेट घेऊन गेले आणि ती तिने महिनाभर परत दिली नाही.

साठाव्या क्रमांकावर राहिलेल्या गाण्याने हे झालं नसतं. मला मूळ गाणं जास्त आवडतं, आजही. पण ती कॅसेट कुकमुळे गेली.

घाटावरचा

लेस्टरवाली, कॅसेट शेवटी मिळाली का?

लेस्टरवाली

मिळाली. तिच्या नवऱ्याने प्रत काढून घेतल्यावर. वकिलीबाणांनी इकडे दुर्लक्ष करावं.

वकिलीबाणा

मी काहीही वाचलेलं नाही.

दोन_चहा

सगळे रीमिक्सवर बोलताय, ब्रायटनच्या किनाऱ्याबद्दलही बोला. १३ जुलै २००२. फुकट कार्यक्रम, अपेक्षा साठ हजारांची. आले अडीच लाखांच्या आसपास. संध्याकाळी भरती येणार, म्हणजे उभं राहायची जागा कमी होत जाणार, वर रस्ते तुंबलेले. त्या रात्री एका तरुणीचा पडून मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पुढे बराच काळ तिथे तसा कार्यक्रम झाला नाही. १ जानेवारी २००७ ला पुन्हा झाला तो तिकीट लावून, फक्त ब्रायटन परिसरात राहणाऱ्यांसाठी.

कारकिर्दीचा आढावा घेताना हे वगळू नये असं मला वाटतं. गर्दी जमवणं हाही त्याचा हातखंडा होता आणि त्याची किंमत त्या रात्री कुणी तरी मोजली.

टेपरेकॉर्डर

दोन_चहा, लिहिलंत ते बरं केलंत. २००९ मध्ये त्याने दारू कायमची सोडली, उपचार घेऊन. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा डीजे, रोज रात्री कामाच्या ठिकाणी सगळे पिऊन नाचणारे, आणि हा पाण्याच्या बाटलीवर. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या समारोपात एका महाकाय ऑक्टोपसवर उभा राहून वाजवत होता, तेव्हा तो असा कोरडा होता. मला त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते.

निषाद_कोमल

मूळ प्रश्नावर परत येते.

१९९८ च्या 'यू हॅव कम अ लाँग वे, बेबी' या अल्बमच्या मुखपृष्ठावर एक जाडा तरुण आहे. तो कुक नाही. अमेरिकेतल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ वेगळं, तिथे फळ्याच फळ्या आणि त्यांवर खचाखच तबकड्या. कुक तिथेही नाही. 'प्रेज यू'च्या व्हिडिओत दिग्दर्शक स्पाइक जोन्झ एका सिनेमागृहाबाहेर नाचतो, 'वेपन ऑफ चॉइस'मध्ये नट ख्रिस्तोफर वॉकन रिकाम्या हॉटेलात नाचतो. सगळीकडे दुसरंच कुणीतरी.

मला त्या फळ्यांचं मुखपृष्ठ सर्वांत प्रामाणिक वाटतं. इतक्या तबकड्या ऐकून त्यांतली नेमकी दोन सेकंदं लक्षात ठेवणं. जेम्स गँग या बँडच्या १९७० च्या गाण्यातल्या तंतुवाद्यांचा तो छोटा तुकडा कितीतरी लोकांनी ऐकला असेल. 'राइट हिअर, राइट नाऊ' हे गाणं त्यातून एकट्या कुकलाच ऐकू आलं.

फेडरवर_बोट

सहमत, पण पूर्ण नाही. नुसता कान असलेले संग्राहक मी खूप पाहिलेत. घरात हजारो तबकड्या, गाणं एकही नाही. कान हवाच, पण तुकडा सापडल्यावर त्याच्याभोवती चार-पाच मिनिटं उभी करायला संगीतकारच लागतो. तो बेस वाजवायचा हे विसरू नका.

हडपसरकर

आता माझ्या बाजूने एक. वकीलसाहेबांच्या 'रीमिक्सवाल्याचा हक्क येत नाही'वरून आठवलं. २०१३ चं 'ईट, स्लीप, रेव्ह, रिपीट' कुकचं, रिव्हा स्टार आणि बिअर्डीमॅनबरोबर केलेलं. ते ब्रिटिश यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं ते कुठल्या रूपात? कॅल्विन हॅरिस या दुसऱ्या डीजेच्या रीमिक्समध्ये! म्हणजे कॉर्नरशॉपच्या जागी आता खुद्द कुक. आता सांगा, ते गाणं कुणाचं?

मंद्रसप्तक

हडपसरकर, हे मला माहीत नव्हतं. लगेच दोन्ही ऐकली. माझं उत्तर : कुकचं. तो शब्दांचा फेर आणि ते वेडंवाकडं बोलणं काढून घेतलं तर हॅरिसच्या हातात काही उरत नाही.

हडपसरकर

मग त्याच न्यायाने 'प्रेज यू' यारब्रोबाईंचं. त्यांचा आवाज काढा आणि सांगा काय उरतं ते.

फेडरवर_बोट

पियानो उरतो. आणि तोही दुसऱ्याच तबकडीवरचा. :) पण हडपसरकर, 'ब्रिमफुल'ला हा न्याय लावून बघा. तिथे त्जिंदर सिंगला काढलं तर काही उरत नाही, आणि कुकला काढलं तरी एक चांगलं गाणं शिल्लक राहतं. म्हणजे तुमच्या कसोटीवर कुक हरतो. मात्र त्या चांगल्या गाण्यावर साठाव्या क्रमांकाच्या पुढे कुणी नाचलं नव्हतं, हेही तुमच्या कसोटीत कुठे तरी बसवा.

हडपसरकर

विचार करतो. दोन दिवस द्या. तोवर 'द आयर्न पॉट कुकर' पूर्ण ऐकून या सगळ्यांनी, मग भांडू.

चिंटूची_आई

ऐकायला घेतलाय. हडपसरकर, बाईंचं पूर्ण गाणं खरंच फार सुंदर आहे.